टाकी गुदमरलीय, झाकण उघडा

आप्पा, चूल मी सांभाळलीच की. तुम्ही म्हणालात आणि मी सांभाळली, चाळीसला दोन कमी एवढी वर्षं. आधी तुमच्या घरची सांभाळली, मग सासरची, मग पुण्यात हॉटेलच्या मागच्या खोलीत वातीचा स्टो सांभाळला, आणि आता समुद्रापलीकडं न्यूझीलंडमध्ये एका बर्फाच्या डोंगरावर कँटीनची शेगडी सांभाळते. तिला आठ बर्नर आहेत आणि पेटवायला काडी लागत नाही. कुठंच काही करपू दिलं नाही. मग परवा गुरुवारी मी एका बंद पडणाऱ्या मशीनला हात लावला, तर तुम्हाला काय नडलं? सव्वीस वर्षं झाली तुम्हाला जाऊन. सव्वीस वर्षांत एकदा स्वप्नात आला नाहीत. आई गेली तेव्हा नाही, माझ्या पोरीच्या लग्नात नाही. आणि नेमका माझा हात पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर गेला, तर कानात येऊन बसलात. तोच आवाज, आधी तोच बिडीचा खोकला, आणि मग, "चूल सांभाळ. भाकरी करपली तर सांगायला ये." मला राग आला. अजून आहे. तो उतरायच्या आत लिहून काढते. अक्षर चौथीवर थांबलंय, तेव्हा सांभाळून वाचा.

आपल्या घरात आणि तुमच्या गॅरेजमध्ये भिंत नव्हती, पत्रा होता. कराडच्या एसटी स्टँडामागं ती एक लांबडी खोली. पुढच्या अर्ध्यात तुम्ही फटफट्या दुरुस्त करायचा, मागच्या अर्ध्यात चूल, पाण्याचा पिंप आणि आईचं अंथरूण. आई अंथरुणाला लागली तेव्हा तुम्ही मला शाळेतनं काढलं. बाई घरी आल्या होत्या विचारायला. तुम्ही प्लग घासत घासत त्यांना म्हणालात, "हिला सही करता येती. तेवढं बास." बाई माझ्याकडं बघून गेल्या. दोघी धाकट्या शाळेत राहिल्या, मी चुलीपुढं बसले. त्याचं मी काही म्हणत नाही, कुणीतरी बसायलाच पाहिजे होतं. पण आप्पा, पत्र्याला डोळे नसले तरी कान असतात. मला गाड्या दिसत नव्हत्या, ऐकू यायच्या. सकाळपासून दिवे लागेपर्यंत, भाकरी थापता थापता. कुठली गाडी कशानं रडते ते मला तोंडपाठ झालं. धाकटीला पाढे पाठ व्हायचे तसंच.

आणि तुमची भाषा. तुम्ही गिऱ्हाइकाला कधी जडजड नावं सांगितली नाहीत. तुमच्या गाड्या भुकेल्या असायच्या, ओकणाऱ्या असायच्या, रुसलेल्या असायच्या. आणि एखादी गुदमरलेली. एकदा तुम्ही हाताखालच्या मिशीवाल्या मिस्त्रीला समजावत होता, मी कालवण ढवळत होते. "अरे, टाकीला बी नाक असतंय. झाकणात बारीक भोक असतंय का नाही? पेट्रोल खाली जायचं तर वरनं हवा आत याया पायजे. ते नाक दाबलं की गाडी गुदमरती. भुकेली गाडी मूठ पिळली की लगेच रडती. गुदमरलेली तशी न्हाई. ती आधी झकास पळती, मग ऐन जोरात दम सोडती. पाच मिनिटं उभी केली की परत पळती. मग परत दम सोडती." मिस्त्री म्हणाला, "आसं व्हय." त्याला कळलं नव्हतं, त्याच्या 'व्हय'वरनंच समजलं. मला कळलं होतं. मला कुणी विचारलं नाही.

तुम्हाला तीन पोरी. येईल त्याच्यापुढं तुम्ही सुस्कारा टाकायचा, "आता माझ्यामागं पाना कोण धरणार?" मी पत्र्याच्या आत, हात पिठात. एका पत्र्याचं अंतर. शेवटी तुम्ही गेलात आणि गॅरेजला कुलूप लागलं. पाने, हातोड्या, पकडी सगळं भंगारात गेलं. मी तेव्हा सासरी होते, मला कळलं ते तेराव्याला. एक पाना सोडून सगळं गेलं. त्या एकाचं पुढं सांगते.

आता इथलं ऐका. तुमचा जावई हॉटेलात आचारी. आधी आम्ही ऑकलंडला ओटाहुहूत राहिलो, मग त्याला खाली दक्षिणेकडच्या गावात, डोंगराच्या पायथ्याच्या हॉटेलात मुख्य आचाऱ्याचं काम लागलं. मी वर डोंगरावरच्या कँटीनमध्ये. लोक इथं बर्फावरनं पायाला फळ्या बांधून घसरायला येतात, हौसेनं. मी चार मोसम त्यांना सूप आणि चिप्स वाढते. आणि आप्पा, हसू नका, पण कँटीनच्या मोरीमागं काय आहे माहीत आहे का? पत्रा. आणि पत्र्यामागं काय? गॅरेज. शेड म्हणतात. तिथं बर्फावर चालणाऱ्या फटफट्या दुरुस्त होतात, स्नोमोबिल. पुढं दोन फळ्या, मागं रबरी पट्टा, मूठ पिळायची नाही, अंगठ्यानं रेस द्यायची. बाकी आवाज तोच. जुन्या टू-स्ट्रोकचा. पहिल्या दिवशी मी भांडी घासत होते आणि पलीकडं कुणीतरी एक सुरू केली, तर माझ्या हातातनं पातेलं सुटलं. धुराचा वाससुद्धा तोच. बारा हजार किलोमीटर लांब आले आणि तुम्ही पत्र्यामागं हजर.

शेडचा मुख्य मेकॅनिक आहे एक, माओरी माणूस, आडवा-तिडवा, पांढरी दाढी. तो मला आंटी म्हणतो. त्यांच्यात आपल्यासारखंच आहे, जरा वयानं मोठी बाई दिसली की आंटी. सकाळी चहाला येतो, "किया ओरा, आंटी," म्हणजे त्यांचा रामराम, आणि माझ्या डब्यातली चटणी खातो, घाम पुसत. चांगला कारागीर आहे, पण यंदा त्याला एका मशीननं छळलं. लाल रंगाची, सगळ्यात जोरकस. डोंगरावर कुणी पडलं, हाडबीड मोडलं, की हिलाच मागं घसरगाडी लावून पाठवतात, माणसाला खाली आणायला. आणि हीच ऐन चढाला दम सोडायला लागली. अर्ध्या रेसवर झकास. अंगठा पूर्ण दाबला की दोन-तीन मिनिटं पळते, मग घरघर, मग बंद. शेडमध्ये आणून स्टँडवर चढवून चालवली की घड्याळासारखी. तीन आठवडे चाललं ते. प्लग बदलले, बेल्ट बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला, पेट्रोलची गाळणी नवी घातली. रोज सकाळी पत्र्यापलीकडं फुल रेसचा आवाज, सगळं बरोबर. रोज दुपारी डोंगरावर बंद. माझा जीव वरखाली. मला तुम्ही मिस्त्रीशी बोलताना ऐकू येत होता.

मग मंगळवारी एक बाई पडली. शाळेच्या पोरांना घेऊन आलेली मास्तरीण, पाय मोडला. बचावपथकातली पोरगी लाल मशीन घेऊन गेली. उंच, लालबुंद गालांची, माझ्या पोरीच्या वयाची. बाईला घसरगाडीत बांधलं, आणि मधल्या घळीतनं वर काढताना मशीन बसली. वारा एवढा की उभं राहवत नव्हतं. सहा जणांनी दोर लावून बाईला ओढत आणलं, चाळीस मिनिटं. ती पोरगी नंतर कँटीनमध्ये आली, मी सूप दिलं, तर तिनं ते बाजूला सारलं. म्हणाली, "आंटी, ती मला सारखं सॉरी म्हणत होती. पाय तिचा मोडला, आणि सॉरी ती म्हणतेय." डोंगराचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी सांगितलं, शुक्रवारपर्यंत मशीन सुधारली तर ठीक, नाहीतर काढून टाका आणि घळीकडची बाजू बंद करा. मेकॅनिकनं बुधवारी चटणी खाल्ली नाही.

गुरुवारी मी हात पुसले आणि शेडमध्ये गेले. ॲप्रन तसाच. तो वाकून बसला होता, पोरगी बाजूला उभी. मी म्हटलं, "टँक नो ब्रेथ." तो दमला होता, वर न बघता म्हणाला, "नो ब्रेड? स्टोअरमध्ये बघ आंटी, ढिगानं आहे." मी म्हटलं, "ब्रेड नाही रे बाबा, ब्रेथ, ब्रेथ!" आणि मग मला शब्दच सुचेना. मी स्वतःचं नाक चिमटीत दाबलं, तोंड मिटलं, आणि छाती फुगवून तशीच उभी राहिले. पोरगी हसायला लागली. मी थांबले नाही. चेहरा लाल होईपर्यंत उभी राहिले, मग टाकीकडं बोट केलं, मग नाक सोडलं. तो हळूच उठला. म्हणाला, "तुला म्हणायचंय टाकीत हवा जात नाहीये? पण इथं चालते ना नीट." मी म्हटलं, "हिअर ओके. माउंटन नॉट ओके. स्टॉप, फाइव्ह मिनिट, अगेन ओके. येस?" पोरगी एकदम म्हणाली, "येस. दर वेळी. थांबलं की परत चालते." तीन आठवड्यांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. कामाच्या माणसाला कुणी विचारत नाही, आप्पा, कुठंच नाही.

बाहेर बर्फात मशीन काढली. मी पोरीला सांगितलं, पहिल्या खांबापर्यंत फुल रेस, आणि दम सोडला की थांबून राहायचं नाही, नुसतं झाकण उघडायचं. ती गेली. खांबाच्या अलीकडं घरघर सुरू झाली. तिला तिथं उघडायला सांगितलं होतं, पण हातमोज्यांत झाकण फिरेना, ती तशीच रडतखडत खाली घेऊन आली. मग मी पुढं झाले, ओला, साबणाचा हात झाकणावर ठेवला. आणि तुम्ही कानात बोललात.

तो दिवस मी विसरलेय असं तुम्हाला वाटलं का? मी तेरा वर्षांची. गुरांच्या डॉक्टरांची मोटारसायकल आठ दिवस आपल्याकडं पडून. त्यांना गावोगाव जावं लागायचं, त्यामुळं रोज येऊन डोकं खायचे. ती अशीच. गावात चालायची, घाटाला लागली की दम सोडायची. तुम्ही कार्बोरेटर किती वेळा उघडला असेल. आठव्या दिवशी दुपारी गॅरेजात पाच-सहा माणसं, डॉक्टर स्टुलावर, आणि मी पत्र्यामागनं ओरडले, "आप्पा, टाकी गुदमरलीय, झाकण उघडा!" सगळ्यांच्या माना पत्र्याकडं वळल्या. मग डॉक्टर मांडीवर थाप मारून म्हणाले, "अहो मिस्त्री, असं करा, पोरीला मेकॅनिक ठेवा आणि तुम्ही आत बसून भाकऱ्या थापा!" गॅरेज हसलं. रस्त्यावरचे दोघं आत काय झालं बघायला वळले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही खोकलात आणि म्हणालात, "चूल सांभाळ. भाकरी करपली तर सांगायला ये." मग ते आणखी हसले. पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं, मी त्याला डोळा लावला. तुम्ही हातातला प्लग उगाच घासत राहिलात. मग डॉक्टर पान थुंकायला बाहेर गेले तसं तुम्ही झाकण उघडलं, उलटं केलं, बोटानं पुसलं, फुंकर मारली, परत लावलं. डॉक्टर आत आले तर म्हणालात, "काढली बघा. भोकात माती बसली होती." डॉक्टर म्हणाले, "वा मिस्त्री, तुमच्या हाताला तोड नाही." तुमच्या हाताला. मी त्या दिवशी भाकरी मुद्दाम करपवली. आणि सांगायला आले नाही.

तर परवा मी झाकणावर हात ठेवून तुम्हाला म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, मराठीत, दोघं बघत होते, "आप्पा, आता गप बसा." आणि फिरवलं. फुस्स. अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल एवढं फुस्स झालं, टाकीनं हवा आत ओढली. पोरगी मागं सरकली. मेकॅनिकनं डोक्यावरची टोपी काढली. झाकण लावलं, तिला परत पाठवलं, मशीन खांबापर्यंत बाणासारखी गेली आणि खांबापाशी परत दम सोडला. म्हणजे आपलं बरोबर. पण नाक दाबलंय कशानं? या टाकीच्या झाकणात भोक नसतं, एक नळी असते, बोटाएवढी, टाकीवरनं निघून पुढं जाते. नळी त्यानं फुंकून बघितली, साफ. मग मी विचार केला, शेडमध्ये चालते, डोंगरावर नाही. शेडमध्ये काय नसतं? शेडमध्ये तो बाजूला उभा राहून रेस देतो. वर कुणी बसलेलं नसतं. मी पोरीला म्हटलं, बस. ती बसली. "आता फुंक," त्याला म्हटलं. त्यानं नळीला तोंड लावलं, गाल फुगले, डोळे बाहेर आले, हवा जाईना. मी खिशातनं पाना काढला, सीटचे दोन बोल्ट सोडले, आणि सीट उचललं. नळी सीटखाली दुमडलेली, चपातीसारखी चपटी. कुणी बसलं की नाक बंद, उठलं की मोकळं.

आणि आता मी तुम्हाला सांगते तो मेकॅनिक काय म्हणाला, नीट ऐका. इथं किआ म्हणून एक डोंगरी पोपट असतो, कोंबडीएवढा, गुण सगळे माकडाचे, रबर दिसलं की खातो. त्या किआनं मोसमाच्या सुरुवातीला जुनी नळी कुरतडली होती. मेकॅनिकनं नवी घातली, ती वीतभर जादा लांब, आणि उरलेली सीटखाली सारली, पोपटाच्या चोचीला लागू नये म्हणून. तो चपटी नळी हातात घेऊन म्हणाला, "हे मी केलं. माझी चूक." साहेब आले होते, पथकातली चार माणसं आली होती, सगळ्यांपुढं म्हणाला. आणि पुढं म्हणाला, "आंटीनं काढलं. भिंतीपलीकडनं, कानानं." अर्ध्या मिनिटात दोन्ही गोष्टी बोलून मोकळा. साहेबांनी विचारलं, ठीक झालं का आता? तो म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे एकदम झकास. एवढं सोपं असतं ते, आप्पा. जीभ झडत नाही.

मी कँटीनमध्ये परत आले आणि अर्धा तास एकच पातेलं घासत होते.

काल त्यानं मला एक कागद दिला. उन्हाळ्यात बर्फ गेला की सगळ्या मशीन उघडून दुरुस्त करतात, त्याला हाताखाली माणूस पाहिजे. म्हणाला, तू ये. शेडमध्ये. ॲप्रन नाही, डांगरी. तुमचा जावई म्हणाला, "बाई, या वयात हात काळे करून घेणार?" मी म्हटलं, "तुमचे हात कांद्यानं पिवळे झाले, मी काही बोलले का?" तो हसला, आणि फॉर्म भरायला बसला, कारण इंग्रजी त्याला माझ्यापेक्षा बरं. नाव, पत्ता, वय, सगळं झालं. मग एक रकाना आला, 'हे काम कुणाकडे शिकलात?' त्यानं पेन वर धरलं आणि माझ्याकडं बघत बसला. म्हणाला, "आप्पांचं नाव घालतो." मी म्हटलं, "थांबा."

कारण तुम्ही शिकवलं नाही. तुम्ही शिकवलं त्या मिशीवाल्याला, आणि तो शेवटी रसवंती चालवायला लागला. मी चोरलं. पत्र्यामागनं. चोरीला कुणी शिकवलं म्हणतं का? मग मी तुमचं नाव का लिहू? आणि नाही लिहिलं, तर कुणाचं लिहू?

आणि तो पाना. आता त्याचं ऐका. डॉक्टरांची गाडी गेली त्या संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात. मी करपलेली भाकरी मुद्दाम तुमच्या ताटात घातली, तुम्ही गपचूप खाल्ली. उठताना खिशातनं दहा-अकराचा पाना काढला आणि चुलीशेजारी ठेवलात. म्हणालात, "स्टोचा नट ढिला झालाय. आवळून घे." बस्स. मी दुसऱ्या दिवशी स्टो घेऊन बसले. पाना बसला नाही. आपल्या स्टोला दहा नाही, अकरा नाही, दोन्ही बाजूंनी घालून बघितलं, लोंबकळतो. आप्पा, तुम्ही चालत्या गाडीचा नट बघून नंबर सांगायचा. अंधारात बोट फिरवून सांगायचा. घरातल्या स्टोचा नट चुकलात? मी तेव्हा तुम्हाला विचारलं नाही, आणि तुम्ही पाना परत मागितला नाहीत. तो माझ्याबरोबर सासरी आला, पुण्याला आला, विमानात आला. परवा ज्यानं मी सीट सोडलं तो तोच. मशीनचे बोल्ट दहाचे निघाले.

आता माझं. तो पांढऱ्या दाढीचा माणूस अर्ध्या मिनिटात बोलला, मला अडतीस वर्षं लागली, तरी लिहिते. डॉक्टरांच्या गाडीच्या झाकणात माती नव्हती. खंडेनवमीला गॅरेजात तुम्ही सगळ्या हत्यारांची आणि दुरुस्तीला आलेल्या गाड्यांची पूजा करायचा, आणि हळदीकुंकू लावायला तेवढं मला पुढं बोलवायचा. वर्षातनं एक दिवस मला पत्र्याच्या पुढं यायला मिळायचं. त्या वर्षी मी हौसेनं कुंकू तेलात कालवलं, घट्ट. आणि नुसतं ऑइल बदलायला आलेल्या डॉक्टरांच्या गाडीला कपाळ कुठलं म्हणून झाकणावर बोटभर थापलं. ते भोकात बसलं आणि वाळलं. आठ दिवस मी चुलीपुढं बसून ती गाडी रडताना ऐकत होते, आणि आठव्या दिवशी मला कुंकू आठवलं. म्हणून ओरडले. जन्मभर सगळ्यांना सांगत आले, नवऱ्याला, पोरीला, की तेराव्या वर्षी मी कानानं ओळखलं आणि बापानं श्रेय खाल्लं. कानानं नव्हतं ओळखलं. मीच केलं होतं.

आणि तुम्हाला कळलं होतं. खिळ्याच्या भोकातनं मी बघितलं, तुमचं बोट लाल झालं होतं. तुम्ही ते खाकी विजारीला पुसलं, आत, मांडीच्या बाजूला, दिसू नये असं. आणि डॉक्टरांना माती म्हणालात. कुंकू म्हणाला असतात तर ते गॅरेज डोक्यावर घेऊन नाचले असते, आणि मला बाहेर बोलावून सगळ्यांपुढं उभी केली असती. ते मला माहीत आहे. ती विजार मीच धुतली, डाग चार धुण्यांत गेला नाही. पण म्हणून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. बोट पुसलंत, पण हात धरून पत्र्याच्या पुढं आणलं नाहीत. पाना दिलात, पण तोंड उघडलं नाहीत. झाकण लावून बसलात, आप्पा, तुम्ही स्वतः, आणि गुदमरले मी.

या वेळी कुंकू नव्हतं. तेवढं सांगायचं होतं. या वेळी मला आधी काही माहीत नव्हतं, नुसता कान. म्हणजे मला येतं. तुम्ही हो म्हणा नाहीतर नको म्हणा, मला येतं, आणि मी त्या शेडमध्ये जाणार आहे.

हा कागद मी कुणाला देणार नाही. पान्याभोवती गुंडाळून पोळ्यांच्या जुन्या डब्यात ठेवणार, तुम्हाला सापडायचा तर तिथं सापडेल. पण उत्तर पाहिजे. सोमवारी खंडेनवमी आहे. सोमवारीच सकाळी साडेसातला तो फॉर्म मेकॅनिकच्या हातात द्यायचा आहे, एकच रकाना कोरा आहे. मी कुंकू घेऊन जाणार आहे, लाल मशीनला लावणार आहे, कडेला लावीन, घाबरू नका. कावळ्याबरोबर निरोप पाठवू नका, इथं कावळे नाहीत, आणि किआ निरोपसुद्धा कुरतडून खाईल. कानात या, वाट तुम्हाला माहीत आहे. चूल-बिल काही बोलायचं नाही. एवढंच सांगायचं, तो पाना स्टोसाठी होता का माझ्यासाठी. मला माहीत आहे असं मला वाटतं, पण मला तुमच्या तोंडानं पाहिजे. सोमवार, सकाळी साडेसात. त्याच्या आत.